मुंबईत राहून ऑपेराची तयारी: नवख्या गायकांसाठी पहिली काही वर्षं

ऑपेरा गायचा तर परदेशी जायलाच हवं, हे अर्धं खरं आहे. मुंबईत पगारी गायकांची कायमची ऑपेरा कंपनी नाही. त्यामुळे यावर पोट भरायचं तर कधी ना कधी बाहेर पडावं लागतं. पण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कर्ज काढून, अर्ध्या तयारीने जाणं हा सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत निराश करणारा मार्ग आहे. माणसाचा गाता आवाज विशीच्या मध्यापर्यंत स्थिरावत नाही, जड आवाजांना तर तिशी उजाडते. ही मधली वर्षं दादर, डोंबिवली, गिरगाव किंवा वसईत राहून उत्तम वापरता येतात, आणि ती नीट वापरली तर बाहेरची दोन वर्षं सत्कारणी लागतात.

गळा बरा आहे, थोडंफार शास्त्रीय किंवा नाट्यसंगीत झालेलं आहे, पण पाश्चात्त्य संगीताची पाटी कोरी आहे, अशा मुलामुलींना डोळ्यासमोर ठेवून पुढचं लिहिलंय.

आधी सभागृहात जाऊन ऐका

मोबाइलवर ऐकून हे गाणं कळत नाही. हेडफोनमध्ये सगळे आवाज सारखेच मोठे वाटतात आणि मग नवखा गायक ओरडायला लागतो. नरिमन पॉइंटला १९६९ मध्ये स्थापन झालेलं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) आहे. तिथल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे (स्थापना २००६) हंगाम वर्षातून दोनदा होतात, त्यात अधूनमधून गायकही असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोगही तिथे पडद्यावर दाखवले गेले आहेत. वेळापत्रकावर लक्ष ठेवा. दुसरी जागा गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली ही वास्तू १९९३ मध्ये बंद पडली आणि डागडुजीनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडली. उघडताना तिथे गायल्या त्या पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनच्या गिल्डहॉल या संगीत महाविद्यालयात शिकलेल्या सोप्रानो (सर्वांत उंच पट्टीच्या गायिका). बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकरांचा आवाजही याच वास्तूत घुमला होता. मराठी मुलाने तिथे परक्यासारखं बिचकत शिरायचं काहीच कारण नाही.

तिकीट स्वस्तातलं, मागच्या रांगेतलं घ्या आणि एकच गोष्ट ऐका: माइकशिवाय एकटा गळा साठ-सत्तर वाद्यांच्या वरून तुमच्यापर्यंत कसा पोचतो? वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो आणि वर जाताना ओसरत जातो. कसलेल्या गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक झणकार तयार होतो, आणि नेमका तिथे वाद्यवृंद दुबळा असतो. पुरुषांच्या आवाजात हे विशेष जाणवतं. सोप्रानोच्या वरच्या स्वरांचं गणित थोडं वेगळं असतं. पण दोन्हीकडे काम घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीच्या आकाराने होतं, जोर लावून होत नाही. हे कानाने एकदा पटलं की पुढचं शिक्षण निम्मं सोपं होतं.

शिक्षक निवडताना

दोन-तीन शिक्षकांकडे एकेक तास घेऊन पाहा आणि मगच ठरवा. कुणाचं नाव मोठं आहे यापेक्षा त्यांचे चार-पाच वर्षं शिकणारे विद्यार्थी कसे गातात ते ऐका. पहिल्याच तासाला "तू ड्रॅमॅटिक (जड आवाजाची) सोप्रानो आहेस" असा शिक्का मारणाऱ्यापासून जपून राहा, एकोणिसाव्या वर्षी ते कुणालाच सांगता येत नाही. तासानंतर अंग दमलेलं चालेल, पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू बोलू लागलेले चालतील. घसा खरवडल्यासारखा वाटत असेल आणि दोन-तीन तासांनंतरही तेच होत असेल, तर शिक्षक बदला.

शोधायचं कुठे? एनसीपीए आणि मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन इथे चौकशी करा. शहरातल्या गायनवृंदांच्या संचालकांना विचारा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांना हमखास ठाऊक असतं. धोबी तलावच्या फुर्टाडोज या दुकानात स्वरलेखनाची पुस्तकं मिळतात, तिथे येणाऱ्यांशी बोललात तरी दोन-चार नावं हाती लागतात. मुंबईत हे शिक्षण बरंचसं ख्रिस्ती आणि पारशी मंडळींनी जपलं आहे. आपल्याकडची मुलं तिथे जायला उगाच संकोचतात. दार ठोठवा, मनापासून शिकणाऱ्याला तिथे परकं करत नाहीत.

ऑनलाइन शिकवणी भाषेसाठी आणि उच्चारांसाठी चालते. आवाजाच्या जडणघडणीसाठी मात्र शिक्षक त्याच खोलीत हवा.

तानपुऱ्यावर तयार झालेला गळा

शास्त्रीय शिकलेल्यांना "ते सगळं विसर" असं सांगितलं जातं, ते मला मान्य नाही. खर्जाचा रियाज, एक स्वर शांतपणे लांबवता येणं, पाठांतर, सुराची भूक, हे सगळं जन्मभर कामी येतं. बदलाव्या लागतात त्या मोजक्या गोष्टी, पण त्या नेमक्या ओळखायला हव्यात.

पहिली पट्टी. आपल्याकडे गायक बसतो आणि सांगतो, "काळी चार." ऑपेरात पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली असते आणि सत्तर वादक तिच्यात वाजवत असतात. गाणं तुमच्या गळ्यापाशी येत नाही, म्हणून गळ्याला बसेल असंच गाणं उचलायचं. दुसरी गोष्ट मींड आणि कण. स्वरलेखनात नसेल तर घ्यायचा नाही. गळ्याला लागलेली ही सवय मोडायला वर्ष जातं. तिसरी आकार. आपला आकार बहुधा उघडा आणि पुढे असतो. इथे जांभईच्या सुरुवातीला घसा मागून जसा मोकळा होतो, तशी मागची जागा हवी आणि जबडा सैल हवा. चौथी गोष्ट कंप. पाश्चात्त्य गायकाचा स्वर सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा सूक्ष्म हलतो. तो मुद्दाम आणायचा नसतो. श्वास आणि घसा मोकळे झाले की तो आपोआप येतो. जबडा हलवून आणलेला कंप परीक्षकाला पहिल्या ओळीत कळतो.

आणखी एक बारीक बाब. तानपुऱ्यावर लागणारा शुद्ध गंधार आणि पियानोचा गंधार यांत फरक आहे: पियानोवरचा सुमारे १४ सेंट चढा असतो (लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे १०० सेंट). तयार कानाला तो खुपतो आणि मुलं नकळत खाली राहतात. पियानोबरोबर रोज नुसते लांब स्वर धरा, कान हळूहळू दोन्ही ओळखायला लागतो.

नोटेशन

हे टाळू नका, आणि याचा बाऊही करू नका. पेटी वाजवणाऱ्याला पांढरी एक म्हणजे सी हे माहीत असतं, मग पांढरी सहा म्हणजे ए, आणि तोच ४४० हर्ट्झला लावतात. गोंधळ एवढाच होतो की आपला सा सरकतो आणि इटालियन दो कायम सी वरच राहतो. रोज वीस मिनिटं दिलीत तर सहा-आठ महिन्यांत सोपी ओळ पाहून गाता येते. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संगीत मंडळांच्या परीक्षा दिल्यात तर शिस्त लागते. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडपासून पुढच्या गायन परीक्षांना आधी साधारणपणे पाचव्या ग्रेडची थिअरी लागते, ट्रिनिटीला अशी अट नाही. परीक्षांचे कागद गाठीला असावेत, पण ऑडिशनला कुणी ग्रेड विचारत नाही, गायला सांगतात.

काय गायचं आणि काय मुळीच नाही

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. एकोणीस वर्षांचा मुलगा येतो आणि पुच्चिनीच्या 'तुरान्दोत'मधली टेनरची (उंच पुरुष-आवाजाची) ती जगप्रसिद्ध आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं, गातो, कारण यूट्यूबवर तीच ऐकलेली असते. ती भूमिका पक्क्या वयाच्या, जड टेनरसाठी लिहिलेली आहे. खाली दाट वाद्यवृंद, आणि ओळी नेमक्या अशा जागी फिरतात जिथे आवाज मधल्या भागातून वरच्या भागात शिरताना अडखळतो. एकदा गाऊन काही बिघडत नाही. सहा महिने रोज गायलात की मान ताणायची सवय लागते, आणि ती सोडवायला शिक्षकाची दोन वर्षं जातात.

मग सुरुवात कशाने करायची? सतराव्या-अठराव्या शतकातल्या जुन्या इटालियन गाण्यांनी. लहान ओळी, बेताची उंची, स्वच्छ स्वर, आणि संग्रह उंच व खालच्या अशा दोन पट्ट्यांत छापलेले मिळतात. तुम्हाला दीड-दोन वर्षं पुरतील एवढी संपत्ती त्यात आहे. जोडीला इंग्रजी गाणी ठेवा, म्हणजे शब्दांचा अर्थ थेट पोचवण्याचा सराव होतो. त्यानंतर शूबर्टची जर्मन आणि फोरेची फ्रेंच गाणी. ऑपेराकडे वळाल तेव्हा मोझार्टच्या छोट्या भूमिकांपासून. 'फिगारो'मधली बार्बारिना १७८६ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा गायली ती अ‍ॅना गॉटलीब १२ वर्षांची होती, इतकी ती भूमिका तरुण गळ्याला सोसणारी आहे. हलक्या सोप्रानोला 'डॉन जोव्हानी'मधली झर्लिना, मेझोला (मधल्या पट्टीच्या स्त्री-आवाजाला) 'फिगारो'मधला केरुबिनो. मोझार्ट सोपा मात्र नाही. त्याच्यात चूक लपवायला जागाच नसते, आणि म्हणूनच ऑडिशनला तो मागतात.

गाणं नवं घेतलं की लगेच गाऊ नका. आधी प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहा. ओळीचा गोळाबेरीज अर्थ पुरत नाही, शब्दाचा हवा. मग शब्द नुसते लयीत म्हणा. मग फक्त स्वरांवर, व्यंजनं काढून. शेवटी गाणं. ताल-तोंड-सूर एकदम धरायला गेलं की तिन्ही कच्चे राहतात. प्रताधिकार संपलेल्या रचनांची पानं आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

भाषा: इथे मराठी माणूस पुढे आहे

इटालियनमधले त आणि द दाताला जीभ लावूनच म्हणतात, अगदी आपल्यासारखे. इंग्रजी माध्यमाच्या सवयीने त्यांचा ट-ड करू नका, एवढंच. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळे आहेत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इटालियनमध्ये हे दोन्ही आहेत: 'दोल्चे'मध्ये चारचा च, 'ग्रात्सिए'मध्ये चाकचा. तसाच 'जीव'मधला ज 'जोर्नो'ला आणि 'जाड'मधला ज 'मेद्झो'ला. जोडाक्षरांचा ठोका तर आपल्या बोलण्यातच आहे. 'पेना' म्हणजे दुःख आणि 'पेन्ना' म्हणजे लेखणी. हा फरक इंग्रज विद्यार्थ्याला आठवडाभर घोटावा लागतो, आपल्याला 'पक्का' म्हणता येतं तेवढं पुरतं.

अडतो ते दोन ठिकाणी. आपला ए आणि ओ एकेकच, इटालियनमध्ये प्रत्येकाचे उघडा आणि मिटलेला असे दोन प्रकार आहेत. शब्दकोशात पाहून खूण करायला लागते. आणि जर्मन-फ्रेंचमधला ओठ गोल करून म्हणायचा ई आपल्याकडे नाहीच. ओठ 'ऊ'चे ठेवा, जीभ 'ई'ची, आणि आरशात पाहा.

आधी इटालियन घ्या, मग जर्मन. जर्मनसाठी काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवन आहे, फ्रेंचसाठी अलियाँस फ्रांसेज, आणि इटलीच्या सरकारची सांस्कृतिक संस्थाही मुंबईत आहे. जर्मनीत शिकायचा विचार असेल तर जर्मन विसाव्या वर्षाच्या आतच सुरू करा. व्याकरण उशिरा झेपतं असं नाही, पण नंतर वेळ मिळत नाही.

वन बीएचकेमधला रियाज

सलग तासभर गाऊ नका. वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे घशालाही बरे आणि शेजाऱ्यांनाही. शेजारच्या काकूंना आधीच जाऊन वेळ सांगा. दुपारी दोन ते चार सोडून द्या. न सांगता वरचा स्वर लावला की सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो, सांगून लावला की त्याच काकू कार्यक्रमाला येतात. बाथरूममध्ये गाणं फसवं असतं, तिथला घुमारा तुमचा नसतो. फोन पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ध्वनिमुद्रण करा, लांबून कसं ऐकू येतं तेच महत्त्वाचं.

चाळीत किंवा रात्री उशिरा अजिबात आवाज करता येत नसेल तर स्ट्रॉचा व्यायाम करा. पेल्यात दोन-तीन बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि तिच्यातून हलकेच सूर धरायचा, खालून वर, वरून खाली. बुडबुडे एकसारखे येत राहिले म्हणजे श्वास एकसारखा आहे. स्वरतंतूंवर ताण कमी येतो, आवाज खोलीबाहेर जात नाही, आणि जगभरचे गायक हा व्यायाम करतात.

मुंबईत गळा बिघडतो तो बहुधा गाण्याने नाही. लोकलच्या गोंगाटात मैत्रिणीशी बोलताना आपण नकळत आवाज चढवतो, कर्जत ते सीएसएमटी तसं बोलत आलात तर संध्याकाळच्या तासाला गळा उरत नाही. गाडीत ऐका, पान वाचा, मनातल्या मनात शब्द म्हणा. दहीहंडीला ओरडणं आणि गणपतीत दहा दिवस टिपेला आरत्या म्हणणं या काळात टाळा. टाळ वाजवा, झांज घ्या, देवाला तेही पोचतं. रात्री साडेदहाला घरी येऊन जेवून लगेच आडवं पडलं की आम्ल वर येतं आणि सकाळी घशात कफ वाटतो. झोपण्याआधी तीन तास जेवण उरकायचं तर साडेसातचा डबा बरोबर ठेवावा लागतो. ज्येष्ठमध आणि खडीसाखरेने आराम वाटतो, पण गिळलेली गोष्ट स्वरतंतूंना स्पर्शही करत नाही. पाणी दिवसभर प्यायचं, गाण्याआधी पाच मिनिटं नव्हे. सारखं खाकरू नका. आवाज दोन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर स्ट्रोबोस्कोपी (स्वरतंतूंची हालचाल पाहण्याची तपासणी) करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. गाठी निघाल्या तरी बहुतेकदा आधी आवाजाच्या व्यायामानेच उपचार होतात, घाबरून लपवू नका.

कोरसमध्ये उभं राहा

एकट्याने गायचं स्वप्न असलेल्यांना कोरस कमीपणाचा वाटतो. मला तर मुंबईतली ही सर्वांत मोठी सोय वाटते. परांजोती अकॅडमी कोरस १९५६ पासूनची आहे, स्टॉप-गॅप्स १९८३ पासूनची. शिवाय बरेच छोटे वृंद आहेत. नाताळच्या कार्यक्रमांच्या तालमी काही महिने आधी सुरू होतात, म्हणून जून-जुलैतच विचारून ठेवा. चार भागांत स्वतःची ओळ न सोडणं, संचालकाच्या हाताकडे बघत श्वास घेणं, पान वाचणं, वेळेवर हजर राहणं, हे सगळं इथे फुकट शिकायला मिळतं. चांगलं वाचणाऱ्याच्या शेजारी बसा. मोठा आवाज असेल आणि "दाब" असं सांगितलं गेलं तर घसा आवळून लहान करू नका, मागच्या रांगेत जागा मागा. मुंबईत ऑपेरा उभा राहतो तेव्हा स्थानिक कोरस लागतो, आणि त्यासाठी आधीपासून वृंदात असलेल्यांनाच निरोप जातो. रंगमंच, वेशभूषा, दिवे, चालता-चालता गाणं, सगळं पहिल्यांदा तिथे हाताळता येतं. रोझारिओ यांनी भारतातल्या तरुण गायकांसाठी गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया हा उपक्रम सुरू केला. अशा कार्यशाळांत गायची संधी आली तर सोडू नका.

पहिली ऑडिशन

दोन गाणी पक्की असतील तर तीन सांगू नका. स्वरलेखनाची पानं सुटी नेऊ नका, पंख्याखाली उडतात. फाइलला लावलेली, पाठपोट छापलेली, जिथे काही गाळायचं तिथे ठळक खूण केलेली अशी द्या. आत गेलात की आधी पियानोवादकाकडे जा, नमस्कार करा आणि लय समजावून द्या. चुटक्या वाजवून नव्हे, हा अपमान समजला जातो. गाण्यातली सगळ्यांत अडचणीची ओळ हळू आवाजात दोन मात्रांपुरती गुणगुणून दाखवा, तीच खरी लय. जिथे श्वासासाठी थांबता ती जागा बोटाने दाखवा. मग मध्ये उभे राहा, नाव आणि गाणं सांगा, परीक्षकांच्या डोक्याच्या किंचित वर नजर ठेवा. मध्येच थांबवलं तर वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकदा त्यांना हवं ते ऐकून झालेलं असतं. नंतर पियानोवादकाचे आभार मानून मगच बाहेर या.

पदवी आणि पैसा

पदवी सोडू नका. घरच्यांच्या समाधानासाठी नाही, तर जे. एन. टाटा एंडाउमेंटसारख्या १८९२ पासून चालत आलेल्या कर्ज-शिष्यवृत्तीला पदवी लागतेच म्हणून. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनचीही चौकशी करा. तोवर लहान मुलांना शिकवणं, चर्चमधल्या लग्नाच्या मिस्सा (प्रार्थनाविधी) गाणं, स्टुडिओत मागचा कोरस, यातून शिकवणीची फी निघू शकते. रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात बँडबरोबर गाण्याचे पैसे चांगले मिळतात, पण ते गळ्यातून वजा होतात. ते काम घेऊ नका.

बाहेर कधी आणि कसं

साधारण बावीस ते पंचवीसच्या दरम्यान, चार भाषांतली पाच-सहा गाणी अंगात मुरली की. ब्रिटनमधल्या बहुतेक संगीत महाविद्यालयांचे अर्ज यूकॅस कन्झर्व्हेटॉयर्स या सामाईक प्रवेशव्यवस्थेतून जातात आणि प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. बरीच मुलं इथेच चुकतात आणि वर्ष गमावतात. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांमध्ये शिकवणी शुल्क नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सहामाहीला १५०० युरो पडतात. राहण्याच्या खर्चापोटी वर्षाला ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड' खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. पण जर्मनीत सुमारे ८० ऑपेरागृहं कायम चालतात आणि त्यांच्या कोरसमध्ये पगारी नोकऱ्या असतात, म्हणून माझा कल तिकडेच आहे. शिक्षणानंतर ऑपेरागृहांच्या तरुण गायकांच्या योजना असतात. त्यांना वयाची मर्यादा बहुधा तिशीच्या आसपास, म्हणून पस्तिशीत निवांत जाऊ असं म्हणून चालत नाही.

प्रवासाआधीची चाळणी व्हिडिओवर होते. कॅमेरा न हलवता, एका सलग टेकमध्ये, संकलन न करता, चेहरा आणि हात दिसतील असा काढा. पियानोवादक प्रत्यक्ष हवा, तयार ट्रॅक चालत नाही. खोलीत एसीची घरघर नको, खिडकीखाली रिक्षा नको. चांगला पियानो असलेला छोटा हॉल अर्ध्या दिवसासाठी घ्या, मध्ये तासाभराची विश्रांती ठेवा आणि प्रत्येक गाण्याचे तीनच टेक करा. मुंबईच्या पावसाळ्यात पियानो सूर सोडतात, तेव्हा ट्यूनर कधी येऊन गेला ते हॉल ठरवतानाच विचारा. अर्ज ऑक्टोबरचा असेल तर मुद्रण मे महिन्यातच उरका.